स्वच्छ वाळूतला शंख

रुग्णालयाच्या तळघरात शस्त्रक्रियेची वापरलेली उपकरणे धुण्याचा एक विभाग असतो. तिथे तिने कामाची बहुतेक वर्षे काढली. वरच्या मजल्यावर कोणाचे पोट उघडले, कोणाचे हाड सांधले, हे तिला माणसांकडून कधी कळले नाही. कात्र्या, चिमटे आणि आकडे यांवरून कळे. रक्त लागलेली उपकरणे एका खिडकीतून आत येत आणि निर्जंतुक होऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर जात. या दोन खिडक्यांच्या मध्ये ती उभी असे. कात्रीच्या सांध्यात ब्रश फिरवायचा, पोकळ नळीतून लांब दांड्याचा बारीक ब्रश आरपार काढायचा, भिंगाखाली धरून पाहायचे, ठरल्या क्रमाने मांडायचे, दुहेरी कापडात बांधायचे आणि वर खुणेची पट्टी चिकटवून गाठोडे वाफेच्या यंत्रात ठेवायचे. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे वाफ पुरेशी लागली. रेघ फिकी राहिली तर सगळे गाठोडे पुन्हा पहिल्या खिडकीपाशी.

सोबतच्या बायकांनी तिचे नाव ‘चकाचक’ पाडले होते. “चकाचकबाई, चहाचा कपसुद्धा यंत्रात घालून घेता की काय?” असे कोणी विचारले की ती म्हणे, “घातला असता गं, पण तुझ्या तोंडाचं काय करू? ते मावत नाही त्यात.”

हे काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक विचित्र न्याय येतो. काम नीट झाले तर त्याचा काहीही पुरावा उरत नाही. जखम चिघळली नाही, ताप आला नाही, रोगी चालत घरी गेला. यात तळघरातल्या हातांचा वाटा किती, हे कोणी विचारत नाही. बिघडले तर मात्र चौकशी खाली उतरत उतरत तिच्या टेबलापर्यंत येते. त्यामुळे वाईट घडले म्हणजे कुठेतरी मळ राहिला, हा सिद्धान्त तिच्या हाडीमाशी भिनला होता. तळघरात तो खराही होता.

नवरा काचा बसवणारा. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्यांची तावदाने, न्हाणीघरातले आरसे. नखांत काचा चिकटवायची लांबी, केसांत काचेची पूड आणि तोंडात अखंड बडबड घेऊन तो घरी येई. “आमची बाई मला दारातच उकळून घेते,” असे तो चारचौघांत सांगे, आणि ती खरोखरच त्याला दारात थांबवून, कपडे झटकायला लावून, मग आत घेई. मूल झाले नाही. त्याविषयी दोघांनी एकमेकांना कधी छेडले नाही आणि बाहेरच्यांना छेडू दिले नाही. शब्दाला शब्द देत त्यांचा संसार चांगला चालला होता.

एका दुकानाची काच मापात चुकली, तेव्हा तिचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने घरी खाऱ्या पाण्याची टाकी बांधली. तळाशी पांढरी वाळू, मध्ये सच्छिद्र दगड, नारिंगी माशांची एक जोडी. पहिल्या वर्षी तिला टाकीविषयी तक्रार नव्हती. “आत धूळ तरी शिरत नाही,” एवढेच ती म्हणे. पुढे वाळूवर तपकिरी थर चढू लागला, काच हिरवट झाली, आणि एका सुटीच्या सकाळी ती बाह्या सरसावून ब्रश घेऊन उभी राहिली.

तो म्हणाला, “थांब. हे काम ज्यांचं आहे त्यांनाच आणू या.”

“म्हणजे मोलकरीण ठेवणार टाकीला?”

“मोलकरीण नाही, अख्खं खातं ठेवू.”

दोघे शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. मासेवाला गलेलठ्ठ आणि सावकाश बोलणारा. त्याच्या बाह्या कायम कोपरापर्यंत भिजलेल्या. टाकी किती जुनी, असे त्याने आधी विचारले. पुरेशी मळली आहे हे ऐकल्यावरच त्याने एका टाकीतून मुठीएवढा शंख काढून उथळ पाण्यात उताणा ठेवला. क्षणभर काही झाले नाही. मग आतून एक मांसल पाय बाहेर आला, त्याने तळाला रेटा दिला आणि शंख धाडकन सरळ झाला. “जिवंत असला की असा उलटतो,” तो म्हणाला. “पडून राहिला तर घेऊ नये.” त्यांनी तो मोठा शंख, दोन लहान शंख आणि काचेवर चढणाऱ्या मूठभर समुद्री गोगलगायी घेतल्या.

या जिवांना पाण्यातला खारटपणा एकदम बदललेला सोसत नाही. म्हणून त्यांची पिशवी भांड्यात रिकामी करून, टाकीचे पाणी बारीक नळीला गाठ मारून त्यात थेंब थेंब सोडावे लागते. घाई चालत नाही. ही पद्धत ऐकताच तिने सूत्रे हाती घेतली. गाठ किती घट्ट, थेंब किती वेळाने, भांडे किती भरल्यावर अर्धे पाणी काढून टाकायचे, हे सगळे तिने असे सांभाळले की नवरा बाजूला बसून म्हणाला, “हा तुझ्याच खात्यातला प्रकार निघाला.”

मोठा शंख वाळूवर ठेवला तेव्हा बराच वेळ दगडासारखा बसून होता. मग कडेखालून दोन देठ वर आले, देठांच्या टोकाला दोन गोल डोळे, आणि त्यांच्यामधून हत्तीच्या सोंडेसारखे लांब तोंड. डोळे चहूकडे फिरले. तोंड वाळू चाचपत कोपऱ्यात शिरले.

नवरा हसत सुटला. “अगं, थेट आमची ताई! घरात पाऊल टाकलं की आधी कोपरे बघते.”

“हळू बोला. वन्संच्या कानावर गेलं तर मला घरात राहणं कठीण होईल.”

“बरं, ताई नको. साहेब म्हणू.”

अशा रीतीने मोठा शंख साहेब झाला, दोन लहान शंख कारकून झाले आणि गोगलगायी शिपाई. साहेब सकाळी वाळूतून वर येत, पुढच्या काचेलगत फेरी मारत आणि मागे एक उथळ चर सोडत जात. काही आठवड्यांतच वाळू पांढरी दिसू लागली. तिला प्रथमच आपल्या जातीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. ती जेवता जेवता म्हणे, “कसा नेटाने करतो बघा. ना आवाज, ना तक्रार.” त्यांच्या आणि तिच्या कामात एक मूलभूत फरक होता, तो तिने लक्षात घेतला नाही. ती मळ टाकून देत असे. ते मळावर जगत होते.

नवऱ्याची छाती त्यानंतर बिघडली. काचेच्या कडा घासताना उडणारी पूड त्याने तरुणपणापासून नाकातोंडाने घेतली होती. कामाच्या जागी तोंडावर बांधायच्या पट्ट्या होत्या, पण त्या बांधल्या की बोलता येत नाही, आणि न बोलता काम करणे त्याला कधी जमले नाही. पट्टी बांधण्याची सक्ती मालकाने केली नाही. काम वेळेत होत होते, तेवढे मालकाला पुरेसे होते. आता फुप्फुसे आतून कडक होत चालली होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले की हे परतवता येत नाही. आहे तो श्वास जपायचा.

आधी शिडी सुटली, मग जिना सुटला, मग न्हाणीघरापर्यंतचे चालणेही जड झाले. तिने पलंग बाहेरच्या खोलीत, टाकीशेजारी आणून लावला. उशाशी प्राणवायूचे यंत्र घरघरत असे. बोलणारा माणूस एकेक वाक्य निवडून बोलू लागला. त्याचा दिवस आता साहेबांच्या फेरीने उजाडे. ती कामावरून आली की तो बातमी देई, “साहेब आज... दगडामागे गेले होते. कारकून... इकडेच टंगळमंगळ.” ही बातमी ऐकण्यासाठी ती जिना घाईने चढत असे. अजून त्याला काही पाहावेसे वाटते, पाहिलेले सांगावेसे वाटते, एवढ्या एका गोष्टीवर तिने आपले सगळे बळ टेकवले होते.

एकदा डॉक्टरबाई घरी तपासायला आल्या आणि टाकी पाहून थबकल्या.

“ही इथे कशाला? ओल, शेवाळ, साचलेलं पाणी. बुरशी धरली तर यांच्या छातीला एक साधा संसर्गसुद्धा पुरेसा आहे.”

“ती हलवली तर हे बघतील काय?” तिने विचारले.

डॉक्टरबाई जराशा विरघळल्या. “मग निदान अगदी स्वच्छ ठेवा.”

“स्वच्छतेचं माझ्यावर सोडा,” ती म्हणाली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी खात्रीने वाक्य उच्चारले होते.

टाकी त्याच्या उशाशी राहावी आणि तिच्यामुळे त्याला काही होऊ नये, एवढेच तिला साधायचे होते. तिने ते रुग्णालयाच्या शिस्तीने हाती घेतले. रोज काच आतून पुसली. गाळणीचा कापूस रोज बदलला. एक दिवसाआड निम्मे पाणी काढून, मीठ मोजून नवे घातले. दगड बाहेर काढून त्यांच्या छिद्राछिद्रांतून ब्रश फिरवला. आणि थोडी थोडी करून सगळी वाळू बादलीत काढून, पाणी नितळ येईपर्यंत नळाखाली धुऊन परत घातली. वाळू मिठागरासारखी चमकू लागली. शेवाळाचा ठिपकाही कुठे उरला नाही.

असाध्य आजारात घरच्यांना करण्यासारखे फार थोडे उरते, आणि जे उरते ते ती माणसे बुडत्याने काडी धरावी तसे धरतात. ज्याला जे काम येते, ते तो प्रेमाच्या जागी ठेवतो. रांधणाऱ्याला वाटते खाऊ घालावे. शिवणाऱ्याला वाटते पांघरूण शिवावे. तिला निर्मळ करता येत होते. त्याच्या छातीत ब्रश घालता येत नव्हता, म्हणून तो टाकीत फिरत होता.

आधी शिपाई गळाले. सकाळी एखादी गोगलगाय काचेवरून सुटून वाळूवर पडलेली दिसे. मग धाकटा कारकून वाळूबाहेर येईनासा झाला. तिने शोधून काढला तेव्हा वास येत होता. मेलेला जीव पाण्यात कुजला की पाणी बिघडते, हे खरेच आहे. त्यामुळे प्रत्येक मृत्यूचा तिने एकच अर्थ लावला, आणि प्रत्येक मृत्यूनंतर ती अधिक घासू लागली.

नवऱ्याने एकदा बोलून पाहिले. “काचेचा तो कोपरा... तेवढा राहू दे हिरवा.”

“आणि ती घाण तुमच्या नाकाशी? डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

त्याने मान पुन्हा टाकीकडे वळवली.

त्याची थोरली बहीण अधूनमधून येई. भावाच्या आजाराचे दुःख तिच्यातून टोमण्यांच्या रूपाने बाहेर पडत असे. “नाकापेक्षा मोती जड झालाय,” ती दारातूनच म्हणाली. “माझा भाऊ इथे श्वासाला महाग, आणि ही कोपरापर्यंत पाण्यात. नवऱ्याची सेवा चाललीय की गोगलगायींची?”

“दोन्ही एकाच खोलीत आहेत ना वन्सं, मग काय बिघडलं?”

“उत्तराला कधी मागे नाहीस तू,” म्हणत वन्संनी पलंगाची चादर सरळ केली, आणि मग भावाच्या तोंडाकडे न पाहता बराच वेळ त्याचे पाय चेपत बसल्या.

दुसरा कारकूनही गेला. शिपायांपैकी एकही काचेवर दिसेना. मासे तेवढे वरून टाकलेल्या दाण्यांवर तग धरून होते. साहेब अजून होते, पण त्यांची फेरी तोकडी झाली होती; थोडे चालत, थांबत, आणि थांबलेलेच राहत. तिने पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन मासेवाल्याचे दुकान गाठले. त्याने तपासले, पुन्हा तपासले.

“ताई, पाण्यात काही दोष नाही. इतकं चांगलं पाणी माझ्या दुकानातही नाही.”

“मग मरतात कशाने?”

त्याने बाटली परत दिली. दुकान बंद केल्यावर येतो म्हणाला आणि संध्याकाळी आला. पलंगावरच्या माणसाला त्याने हात जोडले, मग टाकीपुढे वाकला आणि बराच वेळ वाकलेला राहिला.

“वाळू नवीन घातलीत का?”

“नवीन कशाला? धुते मी.” तिच्या आवाजात अजून अभिमान होता. “दगडही घासते.”

“आणि काच?”

“रोज.”

मासेवाल्याने भिजक्या बाहीने कपाळ पुसले. “ताई, रागावू नका. मग यांच्यासाठी तुम्ही खायला काय ठेवलंत?”

तिने पांढऱ्या वाळूकडे पाहिले.

“वाळूवरचा मळ हेच यांचं जेवण. काचेवरचं शेवाळ हे त्या गोगलगायींचं ताट. मीच सांगायला हवं होतं, पण मला कुठे ठाऊक की कोणी वाळू अशी...” त्याने साहेबांना अलगद उचलून पाहिले. आतले मांस सुकून खोल ओढले गेले होते. “घाणीने नाही मेले हे. उपाशी मेले. हा एक अजून आहे. तुम्ही आता काही करू नका. काही न करणं हेच औषध.”

ती तशीच त्याच्याबरोबर दुकानात गेली आणि त्याच्या सगळ्यांत जुन्या टाकीतली काळपट, चिकट वाळू डबा भरून घेऊन आली. आयुष्यभर मळ घराबाहेर आणि रुग्णालयाबाहेर काढणारी ती बाई तो डबा छातीशी धरून रस्त्याने चालत होती. घरी येऊन तिने ती वाळू साहेबांच्या पुढ्यात पसरली, शेजारी वाळवलेल्या शेवाळाचा तुकडा दगडाला बांधून ठेवला, हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

तो श्वास गोळा करत होता. “होतं.”

“केव्हापासून?”

“पहिला कारकून... गेला तेव्हापासून.”

“आणि बोलला नाहीत! मी माझ्या हातांनी मारत होते आणि तुम्ही पडून बघत होतात?”

“एकदा बोललो.”

“एकदा! आयुष्यभर तुमचं तोंड मिटलं नाही, आणि इथे एकदा?”

त्याने डोळे मिटले, उघडले. “तू कामावरून येतेस... मला पाणी देतेस. पेला वाजतो बघ... ताटलीवर. हात थरथरतात तुझे. टाकीत हात घातलास... की थांबतात.” यंत्र घरघरत राहिले. “तेही काढून घेतलं असतं... तर माझे श्वास मोजत बसली असतीस.”

“म्हणून एवढे जीव जाऊ दिलेत? शंखाचा जीव तो जीव नाही?”

“आहे. मला दोन्ही... राखता येईना. मी तुला राखलं. चुकलं असेल.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांपुढे नुसती उभी राहिली. राग तिला नीट धरता येत नव्हता, कारण ज्याच्यावर रागवावे तो पाच शब्दांनी दमत होता. या घटनेत कोणी क्रूर नव्हते, कोणी मूर्ख नव्हते. दोघांनीही दुसऱ्यासाठीच केले होते, आणि त्या करण्याखाली मुके जीव भुकेने मेले होते. चांगल्या हेतूंची बाजू मांडताना ही तिसरी बाजू आपण बहुधा मोजत नाही. तिने त्या संध्याकाळी मोजली. त्यानंतर तिने ब्रशला हात लावला नाही.

काही न करणे हे तिच्या वाट्याला आलेले सगळ्यांत कठीण काम ठरले. तिने कामावरून रजा घेतली होती. दुपारभर ती खुर्चीत बसून काच मळण्याची वाट पाही. तो पलंगावरून पाहत असे. “उजव्या कोपऱ्यात... हिरवं आलंय,” तो एके दिवशी म्हणाला, आणि ती धावत जाऊन वाकली. खरेच आले होते, नखाएवढे, फिकट. दोघांना जो आनंद झाला तो त्या घरातला शेवटचा निर्भेळ आनंद होता. साहेबांनी जुन्या वाळूत सोंड घातली. दोन-तीन दिवस लहानशी का होईना फेरी झाली. वाळूत चर उमटला. “साहेब रुजू झाले,” तो म्हणाला.

मग ते पुन्हा थांबले. भूक फार जुनी झाली होती.

एका दुपारी तो झोपला असताना तिने साहेबांना हाताने हलवले. डोळे बाहेर आले नाहीत. तिने शंख उताणा ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली. वाट पाहिली. पाय बाहेर आला नाही. मग तिने शंख पाण्याबाहेर काढून नाकाशी नेला, आणि तो वास ओळखला. तळघरात असा वास पहिल्या खिडकीतून येत असे.

तो जागा झाला की आधी टाकीकडे पाहील, हे तिला माहीत होते.

तिने शंख स्वयंपाकघरात नेला. आतले मांस चिमट्याने काढले. बाटल्या धुण्याचा लांब ब्रश वळणावळणाने आत फिरवला, पाणी ओतले, उजेडाकडे धरून पाहिले, पुन्हा ब्रश फिरवला. इतके काळजीपूर्वक काम तिने रुग्णालयातही केले नसेल. शंख निर्मळ झाला. तिने तो पुन्हा टाकीत ठेवला. तोंड वाळूकडे, पाठ पलंगाकडे, जिवंतपणी तो जसा बसत असे तसा. मग चमच्याच्या दांड्याने त्याच्यामागे एक उथळ चर ओढला. साहेबांचे चर तिने इतके दिवस पाहिले होते की किती खोल आणि किती वाकडा हे तिला आठवावे लागले नाही.

तो उठला. “साहेब?”

“ते काय, दगडापाशी.”

त्याने बराच वेळ पाहिले. “चालले आज.”

“चालले तर.”

त्यानंतर तो झोपला की ती शंख थोडा पुढे सरकवी आणि चर ओढी. कधी दगडामागे, कधी पुढच्या काचेशी. त्याची झोप आता वरचेवर लागे, त्यामुळे साहेबांची फेरीही पूर्वीपेक्षा लांब होऊ लागली. ती खोटे करत होती हे तिला कळत होते. आपल्या शिस्तीत, रेघ फिकी असताना ती काळी झाल्याचे सांगण्यापेक्षा मोठा अपराध नाही, हेही तिला कळत होते. तरी ती करत राहिली. त्याने तिच्यासाठी जे केले होते त्याचा अर्थ तिला आता उमगत होता, आणि तो तिला सहन होत नव्हता.

एकदा वन्सं आल्या तेव्हा तिचा हात टाकीत होता. मुठीत शंख, दुसऱ्या हातात चमचा. वन्संनी शंखाकडे पाहिले, वाळूतल्या रेघेकडे पाहिले, भावजयीच्या तोंडाकडे पाहिले. नेमका त्याच वेळी पलंगावर भाऊ हलला. वन्सं दोन पावलांत पलंगापाशी गेल्या आणि टाकीकडे पाठ करून त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“काय रे, उठलास? बघ, किती दिवस केस कापले नाहीस. अस्वल दिसतोस नुसता.” त्यांचा आवाज नेहमीइतकाच खणखणीत होता. हात मागे घेऊन त्या बोटांनी खुणावत होत्या: उरक, उरक.

जाताना दारात वन्संनी तिचा खांदा धरला.  मग नुसतेच “जेवत जा गं” म्हणून त्या जिना उतरल्या.

तो दिवस ढगाळ होता की उन्हाचा, हे तिला नंतर कधी आठवले नाही. दुपारचे जेवण त्याने नको म्हटले होते. डोळे मिटले होते. श्वास वरच्या वर चालला होता. तिने बाही सरकवली आणि हात पाण्यात घातला.

“अगं.”

ती थिजली. त्याने डोळे उघडले नव्हते.

“काय हो?”

“साहेबांना राहू दे... आहेत तिथे.” मध्ये दोन-तीन श्वास गेले. “फार हिंडवलंस त्यांना. तू बस.”

केव्हापासून ठाऊक आहे, हे तिने या वेळी विचारले नाही. तिने शंख वाळूवर ठेवला, जसा पडला तसा, आणि हात बाहेर काढला. त्याने मोठ्या कष्टाने अंग भिंतीकडे सरकवून पलंगाची कड मोकळी केली. ती तिथे बसली. ओला हात पुसायला तिने पदर उचलला, पण त्याआधीच त्याने तो हात घेतला. खारे पाणी त्याच्या मनगटावरून चादरीवर ओघळले आणि तिथे डाग पडला.

तो संध्याकाळी गेला. खिडकीत अजून उजेड होता. दुपारपासून तोवर ती तिथून उठली नव्हती.